पुढच्या चाकांना लॉकर

एका म्हशीनं माझ्या उजव्या मनगटावर लाथ मारली आणि हात सहा आठवडे प्लास्टरमध्ये गेला. तेव्हापासून माझी जीप सासूबाई चालवायला लागल्या.

मी जनावरांची डॉक्टर. कोरेगावात राहते आणि तालुक्यातल्या डोंगरकडेच्या वस्त्यांवर रोज फिरते. नवरा फौजेत आहे, वर्षातून दोनदा सुट्टीवर येतो. सासूबाईंना मी आत्या म्हणते. सासरे फौजेत असताना आत्यांनी घरचा ऊस एकटीनं बघितला, त्यामुळे ट्रॅक्टर त्यांच्या हातचा. लायसन होतंच. पहिल्या दिवशी त्यांनी जीपच्या सीटवर दोन उशा ठेवल्या, आरसा स्वतःकडे वळवला आणि म्हणाल्या, "ट्रॅक्टरापरीस लय हलकं हाय की गं ह्ये."

प्लास्टर निघालं, हात बरा झाला, पण आत्या काही सीटवरून उठल्या नाहीत. अर्धे दिवस त्या चालवायच्या, अर्धे मी. बाजारहाटाला, मुलीला शाळेत सोडायला आणि डोंगरावरच्या जनावरांना हीच एक गाडी. फोर व्हील होती, म्हणजे गरज पडली की चारी चाकं ओढायची, आणि मागच्या दोन चाकांना एकत्र फिरवणारा लॉकरही होता. मी ती जुनी घेतली तेव्हापासूनचा.

जून संपता संपता वरच्या पठारावरच्या धनगरवाड्यातून फोन आला. म्हैस पहाटेपासून अडलीय, रेडकू आडवं आहे. आम्ही निघालो, आत्या स्टेअरिंगवर. शेवटच्या चढावर पाण्यानं रस्त्यातच तिरकी ओघळ पाडली होती. जीप तिच्यात उतरली आणि अडकली. पुढचं डावं चाक हवेत गरगर फिरत होतं. उजवं मातीत घट्ट बसलेलं, पण ते ढिम्म हलेना. मागची दोन्ही फिरत होती खरी, पण ओल्या मुरमात नुसतीच घसरत होती.

मी पिशवी खांद्यावर टाकली आणि उरलेला दीड किलोमीटर चालत गेले. रेडकू वळवायला तासभर लागला. जिवंत निघालं, रेडी होती. म्हशीच्या मालकानं, सत्तरीच्या धनगर आजोबांनी, मला हात धुवायला गरम पाणी दिलं आणि लगेच आठ माणसं आणि एक जाड दोर घेऊन माझ्याबरोबर खाली आले.

आत्या जीपच्या पुढे उकिडव्या बसून चाक बघत होत्या.

"म्होरल्या चाकास्नी लॉक न्हाई व्हय?" त्यांनी मला विचारलं.

"नाही. मागंच आहे. तुम्हाला कसं माहिती?"

"ट्रॅक्टराला असतंय की. टाचंखाली खटका. एक चाक चिखलात फिराय लागलं की दाबायचा, दोनी चाकं एक हुत्यात. भाईर आलं की सोडायचा."

गाडी घेताना हीच गोष्ट मला कुणीतरी अर्धा तास समजावली होती आणि तरी ती नीट कळली नव्हती. वळताना बाहेरचं चाक जास्त फिरावं, आतलं कमी, म्हणून दोन चाकांच्या मध्ये डिफरन्शियल असतं. पण एक चाक हवेत गेलं की सगळी ताकद त्या फुकट फिरणाऱ्या चाकाकडेच जाते. लॉकर दोघांना एकत्र बांधतो. आत्यांनी ते टाचेनं शिकून घेतलं होतं.

आठ माणसांनी जीप ओढून काढली. त्याच संध्याकाळी मी नवऱ्याला फोन केला आणि पुढे लॉकर बसवायचा म्हटलं. त्याला इतका आनंद झाला की मला जरा रागच आला. रेडकाची चौकशी त्यानं नंतर केली.

"ऑटोमॅटिक घे," तो म्हणाला. "वायर नाही, बटण नाही. चाक घसरलं की आपोआप लॉक, वळलं की आपोआप मोकळं. डोकं लावायलाच नको."

दुसऱ्या दिवशी त्यानं अकरा व्हिडिओ पाठवले. मी जेवताना बघितले. माझंही मन तिकडेच झुकलं होतं. मी विसराळू आहे. गोठ्यात थर्मामीटर विसरते, एकदा तर म्हशीलाच लावून विसरले होते. बटणाचा लॉकर घेतला आणि तो काढायचा राहिला तर?

कुंडलला एक मिस्त्री आहेत, फौजेच्या गाड्यांच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेले. फोर व्हील जीपचं काम त्या भागात तेच करतात असं नवऱ्याच्या दोस्तानं सांगितलं. रविवारी आम्ही दोघी निघालो, रहिमतपूर, पुसेसावळी करत. वाटेत आत्यांनी भेळ घेतली आणि एका हातानं खात गाडी चालवायला लागल्या. मी कागद काढून घेतला.

मिस्त्रींनी जीपखाली डोकंही घातलं नाही. आधी शेडमध्ये खुर्च्या मांडल्या, चहा सांगितला आणि मला विचारलं, "डॉक्टरबाई, गाडी रोज चालवतं कोण?"

"आम्ही दोघी."

त्यांनी आत्यांकडे बघितलं. आत्यांनी पदर सावरला. "का वं? वाटत न्हाई?"

"वाटतंय की मावशी. म्हणूनच इचारतोय. फोर व्हीलमधी किती येळा जाता?"

"पावसाळ्यात रोज," मी म्हटलं. "डांबरी सुटलं की वस्तीपर्यंत फोर व्हीलच. आणि ऑटोमॅटिक घ्यायचा विचार आहे."

"घ्या की. पर आधी चालवून बघा." ते उठले. "माज्या सोताच्या जीपला म्होरं त्योच हाय. लॉकर हातानं पारखायचा असतोय."

शेडच्या मागे ऊस तुटून गेलेलं रान होतं, पाणी पाजलेलं. मिस्त्रींनी त्यांची जीप तिथे नेली, फोर व्हीलमध्ये टाकली आणि आत्यांना बसवलं. मी मागे बसले. सरळ जाताना गाडी सुसाट गेली, चिखलाला मोजलंच नाही. मला वाटलं, झालं, ठरलं.

मग मिस्त्री म्हणाले, "आता बांधाकडनं वळवा."

आत्या स्टेअरिंग फिरवायला गेल्या. ते फिरेना. त्यांनी दोन्ही हातांनी ओढलं. गाडी सरळच निघाली आणि बांध जवळ यायला लागला. त्या उभ्या राहिल्यासारख्या झाल्या, दात आवळले आणि कशीबशी वळवली. पुढच्या चाकांखालून कट् कट् आवाज आला आणि एकदम स्टेअरिंग हलकं होऊन सुटलं, तशी गाडी आतल्या बाजूला जास्तच वळली.

"थांब रं बाबा!" आत्या गाडीला म्हणाल्या. मग मिस्त्रींकडे वळून, "भ्या वाटत न्हाई, पर ह्ये लय दमवतंय. आन् ह्येला वाटंल तवा धरतंय, वाटंल तवा सोडतंय. माज्या हातात काय ऱ्हातंय?"

"सीधी बात," मिस्त्री हसले. "मागल्या चाकास्नी ह्यो चालतोय, कारण ती वळत न्हाईत. म्होरली चाकं तुमच्या हाताला बांधलेली असत्यात. जवान पोरगं हौसंनं डोंगरात निऊन परत ठिवणार असंल तर ठीक. तुमची गाडी रोजची, त्यात पोरगी शाळंला जाती."

मग त्यांनी शेडमध्ये कामाला आलेली एक दुसरी गाडी काढली. तिच्या पुढच्या लॉकरला बटण होतं. दाबलं की छोटा कॉम्प्रेसर हवा सोडतो आणि चाकं एक होतात, पुन्हा दाबलं की मोकळी. आत्यांनी चिखलात बटण दाबलं, सरळ पार झाल्या, बटण सोडलं आणि बांधाकडून एका हातानं वळल्या. परत आल्या तेव्हा चेहरा खुलला होता. "ह्येच ते. खटकाच हाय, नुसता टाचंचा बोटावर आलाय."

मला मात्र अजून पटत नव्हतं. मी विचारलं, "यात नळ्या आहेत, वायर आहे. दगडानं नळी तुटली तर?"

"तुटंल की. तुटतीया कवातरी." त्यांनी काहीच लपवलं नाही. "तुटली की हवा जाईल आन् लॉक मोकळा हुईल. म्हंजी गाडी आज हाय तशी हुईल. बिघडून साधी होणारी वस्तू बरी. बिघडून अडून बसणारी न्हाई बरी, तीबी स्टेअरिंगच्या चाकात."

मग मी हळूच माझा विसराळूपणा सांगितला. मिस्त्री म्हणाले, लाल दिवा लागतो. आत्या म्हणाल्या, "दिव्याकडं ती बघायची न्हाई. तिला आवाज पायजे." मिस्त्रींनी एका खोक्यात हात घालून जुन्या स्कूटरच्या इंडिकेटरचा बझर काढला. लॉक चालू असेपर्यंत तो टीं टीं करत राहील अशी सोय करायचं ठरलं.

नवऱ्याला मी तिथूनच फोन लावला. तो म्हणाला, "अगं पण व्हिडिओत..." आत्यांनी माझ्या हातातून फोन घेतला. "तू तितं बसून बगतूयास. मी हितं चालवून आलीया. ठेव आता." त्यानं दोन दिवस एकही व्हिडिओ पाठवला नाही. तिसऱ्या दिवशी बटणाच्या लॉकरची काळजी कशी घ्यावी याचे चार आले.

काम व्हायला तीन दिवस लागले. परत देताना मिस्त्रींनी मला क्रम तीनदा म्हणायला लावला. आधी फोर व्हील, मग मागचा लॉक, तरीही नाही निघाली तर पुढचा. पुढचा लावला की सरळ जायचं, हळू जायचं, आणि पार झालं की लगेच काढायचा.

पंधरा दिवसांनी त्याच धनगरवाड्यात मेंढ्यांना लस द्यायची होती. ओघळ आणखी खोल झाली होती. धनगर आजोबा वरच्या कडेला दोर घेऊन तयारच उभे होते. आम्ही येताना दिसलो तशी त्यांनी माणसं गोळा केली असावीत, कारण त्यांच्यामागे पाचसहा जण होते.

मी खाली उतरून पुढे उभी राहिले. आत्यांनी गाडी ओघळीत घातली. डावं चाक उचललं गेलं आणि हवेत फिरायला लागलं. मग टीं टीं ऐकू आलं, आणि इतके दिवस ढिम्म बसणारं उजवं चाक हळूच फिरलं. त्यानं माती धरली, एक दगड मागे ढकलला, आणि जीप न धावता, न उसळता, एखादी भरल्या पोटाची म्हैस चढावी तशी वर आली.

आजोबांनी दोर खाली टाकला. "आयला! काय घातलं म्हनायचं ह्यात?"

"ट्रॅक्टराचा खटका," आत्या म्हणाल्या आणि लगेच माझ्याकडे वळल्या. "जा, खाली घे फिरवून. आता तू चढव."

"आत्या, मेंढ्या वाट बघतायत."

"मेंढ्या कुटं पळत्यात? शिक आधी."

मी गाडी खाली नेली आणि चढवली. ओघळ छान पार झाली. पण वर आल्यावर त्या आनंदात मी लॉक न काढताच वळायला गेले आणि बझर कानाशी कोकलत असताना सरळ घाणेरीच्या झुडपात घुसले. सगळी माणसं हसली. आजोबा तर दोरावरच बसले हसत. मी काच खाली करून म्हटलं, "लॉक काढायचा राहिला. आता कळलं."

दुपारपर्यंत तीनशे मेंढ्या झाल्या. आजोबांच्या सुनेनं दूध आणि बाजरीची भाकरी दिली. महिन्यापूर्वीची रेडी अंगणात उड्या मारत होती, तिला आत्यांनी भाकरीचा तुकडा दाखवला आणि स्वतःच खाल्ला.

उतरताना मी चालवली, पहिल्या गिअरात, पाय ब्रेकवर न ठेवता, जशी मिस्त्रींनी सांगितली होती तशी. ओघळ आली, गेली. काहीतरी बोलावं म्हणून मी शेजारी बघितलं. आत्या उशीला टेकून, तोंड उघडं टाकून गाढ झोपल्या होत्या.