खिंडसीच्या काठावरचे रोडगे

रामटेकची एसटी सुटली तेव्हा माझ्या बायकोच्या, सुमनच्या, मांडीवर कणकेचा डबा होता आणि शेजारी वत्सलावहिनी. नागपूरच्या नंदनवन वस्तीत आम्ही नवे होतो. भिंतीला भिंत लागलेल्या घरातल्या वहिनी तिची तिथली पहिली मैत्रीण. खिंडसी तलावावर रोडगे (गोवऱ्यांच्या आरावर भाजलेले कणकेचे गोळे) करायचे, हा बेत दोघींचाच. त्यांचे यजमान भाऊसाहेब माझ्याशी सिनेमावर बोलत होते.

कामठी मागे पडली. वहिनींनी सहज विचारलं, "तुमचं कुलदैवत कोणतं वं?"

"आमच्यात नसते. सासऱ्यायनं छप्पनमध्ये दीक्षा घेतली ना, नागपुरातच."

"अस्सं!" वहिनी म्हणाल्या आणि खिडकीबाहेर पाहू लागल्या. भाऊसाहेबांचा सिनेमाही तिथंच संपला.

तलाव मात्र देखणा होता. सभोवती टेकड्या, एका अंगाला बांध. हे पाणी माणसांनी अडवलंय, असं सांगूनही खरं वाटत नव्हतं. सुमनने धुरात डोळे चोळत रोडगे भाजले, पत्रावळी मांडल्या, तुपाची वाटी उघडली.

"अगंबाई, आज तं आमचा उपास हाय! मी विसरूनच गेली होती," वहिनी म्हणाल्या. मग नवऱ्याकडे बोट केलं, "यायचाबी हाय." भाऊसाहेब टेकडीवरची झाडं बघत राहिले.

सुमनने रोडगे तसेच फडक्यात बांधले. मी कोऱ्या पत्रावळी गुंडाळल्या. ऊन लागतं म्हणून ते दोघं काठावरच थांबले आणि आम्ही होडीत बसलो. नावाडी पाणकोंबड्या दाखवत होता. मला एकही धड दिसली नाही. परत वळताना काठावरची टपरी समोर आली. बाकावर दोघं बसले होते, मधे कांदाभज्यांची बशी.

"तुमच्याच संगतीचे हायेत ना ते?" नावाड्याने विचारलं.

"होते सकाळपावेतो," सुमन म्हणाली.

परतीच्या गाडीत वहिनींनी चिवड्याची पुडी पुढे केली. द्यायला त्यांचा हात आखडत नव्हता, घ्यायलाच आखडत होता. मला इतका राग आला की पुडी खिडकीबाहेर भिरकावून द्यावीशी वाटली.

सुमनने नुसते हात जोडले. "नोको वहिनी. आज माझा उपास हाय."

आयुष्यात एकही उपास न केलेली माझी बायको. वहिनींचा चेहरा पडला आणि पुडी तशीच हातात राहिली.

घरी आल्यावर आम्ही गार रोडगे तुपात बुडवून खाल्ले. भिंतीपलीकडे त्यांचा रेडिओ लागला होता. रोडगे फार छान झाले होते, आणि सुमन ते खाता खाता रडत होती.