जोडीदाराची हजेरी

आदित्य, मीरा,

तुम्ही दोघं मला फोरमवरचे ते अमानवीय अनुभव पाठवता आणि दर वेळी विचारता, "आजी, तुला कधी आलाय का गं असा?" मी आजवर "नाही" म्हणत आले. ते उत्तर पूर्ण खरं नव्हतं.

मी मिशनच्या शाळेत शिकले आणि पुढे आयुष्यभर मुलींना भूमिती शिकवली. सिद्ध करता येत नाही ते मी फळ्यावर लिहिलं नाही. दाराला कधी लिंबू-मिरची बांधू दिली नाही, अमावास्येला मुद्दाम प्रवास केले... तुमच्या आईला विचारा. भुताखेतांवर माझा तेव्हाही विश्वास नव्हता आणि आज हे लिहितानाही नाही. तरी ही गोष्ट घडली आहे — भर दुपारी, माणसांनी भरलेल्या अंगणात, माझ्यासमोर.

आधी माणसं सांगते, म्हणजे गोंधळ व्हायचा नाही.

माझे वडील, वामनराव, फौजेत अधिकारी होते. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस आपल्या मुलांना अधिकारी करण्यासाठी एक लष्करी अकादमी निघाली होती, तिच्यात ते शिकले. त्यांच्या वर्गातली वऱ्हाडातली आणि आसपासची मुलं पुढेही एकमेकांना धरून राहिली. कोणी फौजेत टिकलं, कोणी शेती बघू लागलं, पण दर नाताळच्या सुट्टीत सगळे अमरावतीला कॅम्पातल्या नानासाहेबांच्या बंगल्यावर जमत. नानासाहेब त्यांचे वर्गनायक. वर्षभरात कोणाकडे पाळणा हलला, कोणाची मुलगी उजवली, कोणाची बायको गेली — सगळं त्या एका दुपारी एकमेकांना सांगायचं आणि मग रोडगे-वांग्याचं जेवण.

ते सांगायची त्यांची एक रीत होती. अकादमीत खाटा दोन-दोन अशा लावलेल्या. शेजारच्या खाटेवरचा तो आपला जोडीदार. सकाळच्या हजेरीला कोणी आजारी असेल तर त्याच्या वतीनं जोडीदारानं उठायचं आणि कारण सांगायचं. जोडीदाराचा शब्द शेवटचा. त्यावर वर्गनायकानंही प्रश्न करायचा नाही. हीच रीत त्यांनी म्हातारपणापर्यंत चालवली. नानासाहेब खाटांच्या क्रमानं नाव घेत, ज्याचं त्यानं उठून "हजर" म्हणायचं आणि घरची खबर द्यायची. जो वारला त्याच्या वतीनं जोडीदार उठे. मग त्याच्यासमोरचा पितळी पेला पालथा घातला जाई आणि पुढच्या वर्षीपासून ते नाव घेणं बंद.

बाबांचे जोडीदार होते भास्करराव. मूळचे पुण्याकडचे, गोरे, बोलण्यात फार गोड.

दुसऱ्या युद्धात दोघं ब्रह्मदेशात एकाच तुकडीवर होते. तिथून माघार झाली तेव्हा भास्करराव परत आले, बाबा आले नाहीत. सरकारकडून आलं ते एवढंच — बेपत्ता. भास्करराव आम्हाला भेटायला अकोल्याला आले, आईच्या हातात बाबांचा चष्मा ठेवला, डोळे पुसले, चहा घेतला आणि गेले. आणि युद्ध संपल्यावर पहिल्यांदा सगळे जमले तेव्हा नानासाहेबांनी बाबांचं नाव घेतल्यावर हेच भास्करराव उठले आणि म्हणाले, "गैरहजर. कारण — जखमींना टाकून पळाला."

जोडीदाराचा शब्द! नानासाहेबांनी पुढचं नाव घेतलं.

हे आम्हाला रहीमचाचांनी सांगितलं. ते बाळापूरचे, बाबांचे वर्गमित्र. ओसरीवर खाली मान घालून बसले होते. "भाभी, मले पटलं नाई. पर कायदा हाय आमचा, काय करता?"

गावात ही गोष्ट पसरायला वेळ लागला नाही. नवरा मेला असता तर आई विधवा झाली असती. आता तीही सोय राहिली नाही. विहिरीवर एकजण तिच्या तोंडावर म्हणाली, "बाई, कुंकू ठेवा नाई तं पुसा, एकदाचं ठरवा! पळालेला मानूस वापस येते बी कधी कधी." बायका हसल्या. आई भरलेली घागर घेऊन घरी आली आणि तो चष्मा हातात धरून पुष्कळ वेळ बसून राहिली. रडली नाही. मला म्हणाली, "प्रभे, मले त्या भास्कररावाचा न्याय नाई पायजे. मले तो मानूस मिटलेला पायजे."

मी तेव्हा मॅट्रिकला होते. आईच्या तोंडून असं वाक्य मी त्याआधी ऐकलं नव्हतं. खरं सांगायचं तर मलाही तेच हवं होतं.

पुढच्या नाताळात आई मला घेऊन अमरावतीला निघाली. बडनेऱ्याला गाडी बदलली, स्टेशनाबाहेर टांगा केला. रस्ताभर जिनिंगकडे निघालेल्या कापसाच्या गाड्या होत्या.

बंगल्याच्या अंगणात कडुनिंबाखाली लांब टेबल मांडलं होतं. कोपऱ्यात गोवऱ्यांच्या आरात रोडगे भाजत होते. आई बायकांच्या घोळक्याकडे गेलीच नाही. सरळ टेबलापाशी जाऊन उभी राहिली.

"नानासाहेब, या वर्षी त्यायचं नाव घ्या."

नानासाहेब गडबडून उठले. "वहिनी, बसा आधी. अहो, पळालेल्याचं नाव... नियम आहे आमचा."

"नियमच पाळा. जोडीदारानं सांगतलं, तुमी आयकलं. मले फक्त जोडीदाराले एक इचाराचं हाय." ती भास्कररावांकडे वळली. "त्यायचा चष्मा तुमच्याजवळ कसा आला?"

"छावणीत सापडला, वहिनी," भास्करराव हळुवारपणे म्हणाले. "पळण्याच्या घाईत राहिला असेल."

"या मानसाले चष्म्याबिगर ताटातली मिरची दिसत नोती. अन् तो चष्मा टाकून रानातून पळाला?"

रहीमचाचा खुर्चीतल्या खुर्चीत पुढे सरकले. भास्करराव मात्र हसले. "दुःखात माणूस काहीही बोलतो. नाना, घे बाबा नाव वामनचं. वहिनींचं समाधान होऊ दे. उत्तर द्यायला मी आहेच."

आई मागे सरली. आम्ही दोघी व्हरांड्याच्या खांबाशी उभ्या राहिलो. तिचा हात माझ्या हातात होता, हे लक्षात ठेवा.

हजेरी सुरू झाली. कोणी म्हणालं, "हजर. चौथी नात झाली." त्यावर कोणी ओरडलं, "पलटण पुरी झाली की सांग!" सगळे हसले. कोणाचा मुलगा टायफॉइडनं गेला होता. तो "हजर" म्हणून नुसताच उभा राहिला, तेव्हा शेजारच्यानं त्याला खांद्याला धरून बसवलं. रहीमचाचा दोनदा उठले. एकदा स्वतःसाठी, एकदा त्यांच्या वारलेल्या जोडीदारासाठी. "जोडीदार हजर, साहब. कारन — छाती का दर्द. उसका लडका ओव्हरसियर लागला, माय सुखात हाय." पेला पालथा झाला.

मग नानासाहेब म्हणाले, "भास्कर."

भास्करराव उठले, टाचा जुळवल्या आणि तोंड उघडलं. मला काही ऐकू आलं नाही. वाटलं, झाडाची सळसळ असेल. नानासाहेबांनी मान वर करून त्यांच्या खुर्चीकडे पाहिलं. पण ती नजर भास्कररावांवर थांबली नाही — आरपार गेली, मागच्या भिंतीवर.

"भास्कर?"

आता भास्करराव हसत होते. ओठ हलत होते ते मी स्पष्ट पाहत होते. त्यांनी टेबलावर थाप मारली. आवाज झाला नाही. शेजारचा पेलासुद्धा हलला नाही. शेजारी बसलेले गृहस्थ इकडेतिकडे बघत म्हणाले, "आत्ता तर होता इथं, कुठं गेला?"

"भास्कर!" नानासाहेबांनी तिसऱ्यांदा हाक दिली.

आणि कोणीतरी घसा खाकरला. बोलण्याआधी घसा खाकरायची माझ्या बाबांची सवय होती.

"जोडीदार हजर, साहेब."

तो बाबांचा आवाज होता. यात माझी चूक होणं शक्य नाही.

नानासाहेबांचा चेहरा पांढरा पडला. पण हजेरी घेणाऱ्याची जीभ वर्षानुवर्षांच्या सवयीनं चालते. त्यांनी विचारलं, "कारण?"

"पळाला, साहेब. आमी नदीच्या अल्याड होतो. माझा पाय गेल्ता, तिघं जन जखमी होते. पलीकडं सामान उतरवून डोंगा घेऊन येतो म्हने. म्या चष्मा त्याच्या हाती देला, म्हटलं घरी दे, आता मले काई पाहाचं नाई. पल्याड जाऊन यानं डोंगा पेटवला. मले बिनचष्म्याचा बी उजेड दिसला."

भास्करराव दोन्ही हातांनी स्वतःचा गळा चाचपत होते. तोंड उघडत होते, मिटत होते.

"घरची खबर?" नानासाहेबांनी रीतीप्रमाणे पुढचा प्रश्न केला.

"त्याच्या घरची खबर आता कोनी देनार नाई."

नानासाहेबांनी हात लांब केला आणि भास्कररावांचा पेला पालथा घातला.

पितळेचा तो टण् आवाज झाला आणि त्याबरोबर एकदम भास्कररावांचा आवाज फुटला, घोगरा, चिरकलेला — "हजर! अरे हजर! हजर!" सगळे दचकून उठले. रहीमचाचा किंचाळलेच, "या अल्ला! तू कवा आला रे?"

भास्कररावांनी पेला सरळ करायला हात घातला. रहीमचाचांनी त्यांचं मनगट धरलं. "ठेव. तो झाला आता उलटा. भास्कर, डोंगा जाळला का तू?"

"शत्रूच्या हाती लागू नये म्हणून—" भास्करराव बोलून गेले आणि थांबले.

पुढे कोणाला काही विचारायचं उरलं नाही. ते कधी उठून गेले ते मी पाहिलं नाही, कारण मी आईकडे बघत होते. ती पुन्हा टेबलापाशी गेली होती.

"आता त्यायचं नाव घ्या."

"वामन," नानासाहेब म्हणाले. जोडीदार नव्हता, म्हणून सगळा वर्ग उठला. सगळे एकदम म्हणाले, "हजर." आईनं पदराच्या टोकानं कपाळावरचं कुंकू पुसलं, तिथंच, सगळ्यांसमोर. आणि म्हणाली, "रोडगे जळून राहिले. जेवाले बसा."

एवढंच असतं तर मी म्हटलं असतं — भावनेच्या भरात माणसाला भास होतात. तसं म्हणून पाहिलंही. पण जेवणं झाल्यावर कळलं ते असं की नानासाहेबांनी तो आवाज इंग्रजीत ऐकला होता. बाबा त्यांच्याशी नेहमी इंग्रजीत बोलत. रहीमचाचांनी ऐकला तो हिंदीत. मी आणि आईनं वऱ्हाडीत. मजकूर मात्र सगळ्यांचा तोच, डोंग्याच्या उजेडासकट. एका गृहस्थांनी दबक्या आवाजात शंका काढली की वहिनींनीच पदराआड आवाज काढला असेल. तिचा हात माझ्या हातात होता. ती दात दातांवर दाबून उभी होती, हे मी शपथेवर सांगते.

दुसरी गोष्ट त्यानंतरच्या उन्हाळ्यातली.

आम्ही अकोल्याच्या घरी दुपारी चिंचा फोडत बसलो होतो. दारात कोणी उभं राहिलं म्हणून मी मान वर केली. भास्करराव. ओळखू येईनात इतके वाळले होते. कपडे मळलेले, दाढी वाढलेली — आणि हे गृहस्थ कोटाला इस्त्री असल्याखेरीज बाहेर पडत नसत.

"वहिनी," ते म्हणाले, "घरात माझं पान वाढत नाहीत हो. मी समोर बसलेला असतो. बायको माझ्या अंगावरून हात लांब करून मुलाला वाढते. हाक मारली तर घटकाभर थांबते, इकडेतिकडे बघते, पुन्हा कामाला लागते. दुकानदार मागच्या गिऱ्हाइकाशी बोलतो... वहिनी, नानाला सांगा, एकदा माझं नाव घे. तुमच्या शब्दावर घेईल तो. एकदाच."

मला प्रत्येक शब्द ऐकू येत होता. उंबऱ्यावर पडलेली त्यांची सावलीही दिसत होती.

आईचा चिंचेवरचा हात थांबला. तिनं दाराकडे पाहिलं. चेहऱ्यावर राग नाही, समाधान नाही, काही नाही. मग माझ्याकडे वळून म्हणाली,

"प्रभे, दारात कोनी हाय का वं?"

ते माझ्याकडे बघत होते. हात जोडलेले होते.

मी म्हटलं, "नाई, आई. कोनी नाई."

ते वळले आणि उन्हात निघून गेले. पुढे त्यांचं काय झालं ते कोणाला सांगता आलं नाही. खबर देणारा जोडीदार त्यांना नव्हता. तुम्ही विचाराल, आजी, वाईट नाही वाटलं? नाही वाटलं. आजही वाटत नाही. तो डोंगा जळताना बघत बसलेली माणसं आठवली की मी पुन्हा तेच उत्तर देईन.

पण अंगणातल्या त्या आवाजाचं एक्स्प्लनेशन माझ्याजवळ नाही. आणि आणखी एका गोष्टीचं नाही. आई त्यानंतर पुष्कळ वर्षं जगली, शेवटपर्यंत तिची नजर शाबूत होती, आम्ही दोघी हजार विषयांवर बोललो. पण त्या दुपारी दारातला माणूस तिला खरोखरच दिसला नव्हता का, हे तिला विचारायचं धाडस मला झालं नाही.