सोलर काचेची पट्टेरी सावली

आंटी लिन दारातच थांबल्या. पाऊल पुढे टाकेनात. मॅंडरिनमध्ये काहीतरी पुटपुटल्या.

“त्या म्हणताहेत, पुढे गटार आहे,” सेंटरच्या प्रमुख मॅडम गोह यांनी मला सांगितलं.

गटार नव्हतं. माझ्या काचेची सावली होती.

मी फसाड इंजिनिअर. इमारतीच्या बाहेरच्या भिंती आणि काचा हे माझं काम. सिंगापूरच्या यिशुन भागात वृद्धांचं नवं डे-केअर सेंटर होत होतं. पश्चिमेची भिंत सोलर काचेची होती. दोन काचांमध्ये काळ्या सेलच्या पट्ट्या असतात. सेल वीज करतात, मधल्या फटींतून उजेड येतो. सेल वाढवले की वीज वाढते, पण खोली अंधारते. कॉम्प्युटरवर मी दोन्हींचा मेळ छान बसवला होता. मग साइटवर मॉक-अप, म्हणजे त्या भिंतीचा खराखुरा तुकडा, उभा केला. “आमच्या जुन्या सेंटरमधल्या लोकांना आणून बघू या का?” असं मॅडम गोहनीच विचारलं. क्लायंट सहसा हे विचारत नाहीत.

त्याप्रमाणे त्या आंटी लिनना घेऊन आल्या, ऊन कललं आणि जमिनीवर पट्टे पडले.

“स्मृतिभ्रंश झालेल्यांना काळा पट्टा खड्ड्यासारखा दिसतो,” मॅडम गोह हळूच म्हणाल्या. आंटींनी माझा हात घट्ट धरला होता.

मी बॉसना, मिस्टर लिमना, फोन करून सगळं सांगितलं.

“काचेची ऑर्डर गेली?” त्यांनी विचारलं.

“उद्या जाणार.”

“थांबव.”

“पण वीज कमी पडली तर क्लायंट...”

“क्लायंटशी मी बोलतो. तू ड्रॉइंग बदल, अश्विनी.”

सेल मी बाहेरच्या आडव्या छज्ज्यांवर नेले. सिंगापुरात सूर्य डोक्यावरून जातो, त्यामुळे आडवे सेल उभ्यांपेक्षा जास्त वीज देतात. उरलेले खिडकीखालच्या भिंतीत बसवले. तिथून उजेड नकोच होता. मधे दुधी काच लावली. तिच्यातून ऊन पसरून, मऊ होऊन येतं. वीज तरीही थोडी कमीच भरली. मिस्टर लिमनी सेंटरच्या विश्वस्तांच्या मीटिंगमध्ये ते सरळ सांगून टाकलं. मॅडम गोहनी कारण सांगितलं. डिझाइन मंजूर झालं.

नव्या मॉक-अपमध्ये आंटी थेट खिडकीपाशी गेल्या, खुर्चीत बसल्या आणि थोड्या वेळात चक्क पेंगायला लागल्या. मला इतकं हायसं वाटलं की मीही शेजारी बसून राहिले.

आंटींचे, मॅडम गोहचे आणि मिस्टर लिमचे माझ्यावर उपकार आहेत. ती पहिली काच बसली असती, तर तिथे कोण अडखळून पडलं हे मला कधी कळलंही नसतं. उजेड किती येईल हे सॉफ्टवेअर सांगतं. तो कोणाच्या पायाशी पडेल, हे तिथे जाऊन बघावं लागतं.