स्टीलची पुंगळी

स्टीलची पुंगळी पुन्हा भरणं परवडतं का, हे मला विचारू नका. भरता येते का विचारा. येते. मी भरलेली आहे.

राहायला आखातात, अजमानला होतो आणि कामाला वाळवंटातल्या एका शूटिंग क्लबात. हौशी लोक पिस्तुलं चालवायला यायचे, त्यांच्या पायाशी काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या पडायच्या. त्या गोळा करून धुवायच्या, हाताच्या प्रेसमध्ये डाय म्हणजे साचा असतो, त्यात दाबून मापात आणायच्या, बुडाला ठिणगीची नवी टोपी, मग दारू, गोळी बसवायची. क्लबच्या परवान्यातलं काम. शिक्षण चौथी, पण माझ्या काडतुसानं कधी कोणाचा हात पोळला नाही.

सगळं पितळेवर चालायचं. मग क्लबच्या मालकानं, साहेबानं, स्वस्त म्हणून स्टीलच्या पुंगळीचा माल मागवायला सुरुवात केली. आमचा इनचार्ज साताऱ्याकडचा, फौजेतून रिटायर झालेला. म्हणाला, "काका, प्रेसवर आता कापड टाका. स्टील कोण भरत नाही."

पुढचं मला न सांगता कळलं. साठी कधीच उलटलेली, व्हिसा संपत आलेला. प्रेस बंद झाली तर मला ठेवतील कशाला?

"मी भरतो," म्हटलं.

"डाय झिजंल. पितळ ऐकतं, स्टील ऐकत न्हाई."

"ऐकवतो त्याला."

पितळेच्या पुंगळ्या मी आमसुलाच्या पाण्यात टाकायचो. आमच्याकडे समया, तांबे तसेच लखलखीत निघतात. बायको घरची आमसुलं पाठवायची, आमटीत थोडी जायची, पुंगळ्यांना जास्त. स्टीलच्याही तशाच टाकल्या. सकाळी बघतो तर बादलीभर गंज. इनचार्जनं बादली उचलून सगळ्या स्टाफपुढे नाचवली. "या, या! काकांची सोलकढी प्यायला या!"

सगळे हसले. मी नाही हसलो. आमसुलाचा दोष नव्हता, त्या पुंगळ्यांवरचा मुलामाच हलका होता. हे मी आजही म्हणतो.

मग पाण्याचं नाव काढलं नाही. पडलेल्या पुंगळ्यांवरून चुंबक फिरवला, स्टील वेगळं केलं. बुडाला आतून एकच भोक असलेल्या ठेवल्या, दोन भोकांच्या टाकल्या, त्यांची टोपी आमच्या प्रेसवर निघतच नाही. कोरड्या फडक्यानं पुसून तेलाचा हात दिला. पितळेला प्रेसचा दांडा सहज खाली येतो, स्टीलला अंगाचा भार टाकावा लागला. खांदा सुजला. इनचार्जला दाखवला नाही.

त्यानं माझं एकेक काडतूस मापून बघितलं, मग स्वतः उभा राहून झाडलं. एकही अडकलं नाही. पडलेल्या पुंगळ्या मी पुन्हा भरल्या, त्यानं पुन्हा झाडल्या. या खेपेला बऱ्याच तोंडाशी चिरल्या. चिरलेली एक त्यानं उजेडात धरली.

"चालली की नाही?" मी विचारलं.

"चालली, काका. खोटं कशाला बोलू? पण भरायची कशाला? नवा डबा याहून सवंग पडतो, आणि ही दुसऱ्यांदाच फुटती."

मी न चिरलेल्या तेवढ्या वेगळ्या काढायला लागलो.

साहेबाशी तोच बोलला. परत येऊन म्हणाला, "प्रेस खलास. पण तुमची सोय केलीय. काठीला चुंबक लावून स्टील गोळा करायचं, भंगाराच्या ड्रममध्ये टाकायचं. व्हिसा परत लागंल. हो म्हणा, यल्ला, चला."

त्यानं चांगल्या मनानं सांगितलं असेल. पण ज्या पुंगळ्या मी भरून दाखवल्या, त्याच वेचून भंगारात टाकायच्या? म्हटलं, "व्हिसा कॅन्सल लावा माझा. घरी जातो."

"काका, हट्ट करू नका. या वयात बाहेर कोण घेणार हाय?"

"लावा म्हटलं ना."

शेवटच्या दिवशी प्रेसला तेल दिलं, कापड टाकलं. माझ्या भरलेल्यांतली, दोनदा झाडूनही न चिरलेली एक रिकामी पुंगळी बायकोला दाखवायला खिशात टाकली. तेवढं तरी घरी दिसावं, मी इथे काय करत होतो ते. गाडीत बसताना इनचार्जनं हात पुढे केला. मला वाटलं, निरोपाचा.

"खिशातली द्या, काका. एअरपोर्टवर अडकाल. रिकामी असली तरी काडतूसच ते."

खरं होतं. दिली. त्यानं ती दाराशी असलेल्या भंगाराच्या ड्रममध्ये टाकली, न बघताच.