जयवंतीचा भात

माझ्या तोंडून हे आजवर बाहेर पडलेलं नाही. नवऱ्याजवळ नाही, बहिणीजवळ नाही. आमच्या टीममधल्या मुली अजूनही अधूनमधून जमतात, तिथे तर नाहीच. तुम्हाला सांगते. का, ते मात्र विचारू नका.

आधी मजा सांगते, कारण मजा खूप होती. नव्वदचं दशक संपत आलं होतं. माणिकपूरच्या एका शाळेच्या मैदानावर संध्याकाळी आमची महिला कबड्डीची टीम सराव करायची. कोणी बालवाडीची शिक्षिका, कोणी बागायतदाराची मुलगी, कोणी कॉलेजात. मी अंधेरीच्या एका ऑफिसात टायपिस्ट — आणि टीमची कॅप्टन. जिल्ह्याची अजिंक्यपद स्पर्धा महिन्यावर आली, तेव्हा आमचे प्रशिक्षक म्हात्रे सर वैतागून म्हणाले, "खेळ येतो गं तुम्हाला, पण दम कुठाय? दुसऱ्या हाफला सगळ्या म्हशी पाण्यात बसल्यासारख्या बसता!"

मी लगेच पुढे झाले. "सर, खाण्यापिण्याचं माझ्यावर सोपवा. दादरला माझ्या ओळखीचे खेळाडूंचे डॉक्टर आहेत."

असे कुणी डॉक्टर नव्हतेच.

हे पहिलं खोटं. पण खरं सांगू? ते मला फारसं टोचत नाही, उलट आठवलं की हसू येतं. तो आहार मी कुठून आणला, माहितीये? ब्यूटी पार्लरमध्ये पडलेल्या एका जुन्या मासिकातून. लेखाचा मथळा होता — लग्नाआधी सडपातळ व्हा! बोहल्यावर चढणाऱ्या मुलींचं खाणं मी चढाई करणाऱ्या मुलींना दिलं. सकाळी मोड आलेले मूग, दुपारी काकडी आणि एक पोळी, रात्री भाज्यांचं पाणचट सूप. वडापाव बंद, भजी बंद, आणि भात तर औषधालाही नाही. "भातानं अंग जड होतं, डॉक्टर म्हणाले," असं मी बिनदिक्कत ठोकून द्यायचे.

दमलेल्या पायांसाठी बर्फाचं पाणी, ही सरांची कल्पना. बर्फ यायचा मासळी बाजारातून. टपात पाय बुडवून आम्ही अशा किंचाळायचो की रस्त्यावरचे रिक्षावाले कुंपणाशी येऊन बघायचे. घरी जाताना पायांना बोंबलाचा वास, आणि मागे मांजरं! रविवारी दुपारी सक्तीची झोप असायची. आम्ही शाळेच्या वर्गात सतरंजीवर ओळीनं आडव्या, आणि दारात छडी घेऊन बसलेले सर सगळ्यांच्या आधी घोरायला लागायचे.

बघा, मी अजून मजाच सांगतेय. जयवंतीवर यायचं टाळतेय.

जयवंती कामण गावची. घरची भातशेती. सकाळभर शेतातली कामं उरकून ती एसटीनं सरावाला यायची. डाव्या कोपऱ्यात उभी राहायची आणि चढाईला आलेलीचा घोटा असा धरायची की ती पोरगी जागची हलत नसे. आमच्यातली सगळ्यात ताकदवान तीच. भात आणि मासळीवर वाढलेली मुलगी — मी सांगितलं म्हणून तिनं भात सोडला. एका शब्दानं कुरकुरली नाही.

आणि आम्ही बाकीच्या? तुम्हाला काय वाटतं, आम्ही सोडला होता? प्रत्येकीची आई घरी वाढत होती आणि जी ती गुपचूप खात होती. मीसुद्धा. कॅप्टन, आहाराची प्रमुख — रोज रात्री वरणभात, वर तूप. माझा आहार पाळणारी अख्ख्या टीममध्ये ती एकटी होती.

स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात सराव सामन्यात ती उभ्याउभ्या कोसळली. डोळ्यांवर पाणी मारलं, लिंबू-साखर पाजली, ती उठून बसली. सर माझ्याकडे वळले. "हिला खायला काय देतेस तू?"

मला कळलं होतं. त्याच क्षणी लख्ख कळलं होतं की ही उपाशी आहे. पण कबूल केलं तर डॉक्टरांची थाप उघडी पडणार, मासिक निघणार, माझं कॅप्टनपद — मी म्हणाले, "सर, ती आहार पाळतच नाहीये. बाहेरचं अरबट-चरबट खाते. मी पाहिलंय."

जयवंती माझ्याकडे बघत राहिली. रागानं नाही. गोंधळून.

"मी बाहेरचं काय पन नाय खाल्लं, सर," ती म्हणाली. आणि मग, प्रामाणिकच ती, पुढे म्हणाली, "भावाच्या साखरपुड्यात एक पेढा खाल्ला. तेवढाच."

सगळ्या हसल्या. सर म्हणाले, "बघ, निघालं ना?" आणि तिला राखीव खेळाडूंत बसवलं. एका पेढ्यानं कुणाला चक्कर येते का हो? मला माहीत होतं, येत नाही.

दुसऱ्या दिवशी मी जाहीर केलं की डॉक्टरांनी भात सुरू करायला सांगितलाय. पोरींनी टाळ्या वाजवल्या. आम्ही स्पर्धा जिंकलो. अंतिम सामन्यात जयवंती बाकावरून सगळ्यात मोठ्यानं ओरडत होती. चषक माझ्या हातात आला तेव्हा मिठी मारायला पहिली धावली तीही तीच. पुढच्या वर्षी तिचं लग्न ठरलं आणि तिचं खेळणं सुटलं. जिल्ह्याचं मैदान तिच्या पायांखाली कधी आलंच नाही.

काही वर्षांनी एव्हरशाईन वसाहतीतल्या एका शाळेत मुलींचे सामने होते. मला पाहुणी म्हणून बोलावलं होतं. तिथे भेटली. अंग भरलेलं, हसणं तेच. गावातल्या मुलींना कबड्डी शिकवत होती. धावत येऊन तिनं माझा हात धरला आणि मुलींना गोळा केलं.

"या आमच्या कॅप्टन. यांच्या टीमनं चषक आनला. मी पन होते, पन बाहेर बसले. का? तर जिभेवर ताबा नाय ठेवला. ताईंनी किती सांगितलं होतं! तवा तुमी नीट ऐका, खान्यात लबाडी करू नका."

मुली माझ्याकडे बघायला लागल्या. खरं सांगून टाकायला तेवढा वेळ पुरेसा होता.

मुलींनी माना डोलावल्या. मीही डोलावली.