वाढता गाऊन

चेन्नईत, आमच्या वेलचेरीच्या फ्लॅटमध्ये एक गाऊन दिवसेंदिवस उंच होत होता.

तो मीच शिवला होता. सिरुसेरीच्या ऑफिसात आठवड्यातून दोनदाच जावं लागतं, म्हणून मी शिवणयंत्र घेतलं आणि सांगलीहून येणाऱ्या आईसाठी गाऊन शिवायचं ठरवलं. तिचा खांदा दुखतो, त्यामुळे पायातून चढवता येईल असा, पुढून कमरेपर्यंत बटणांचा. टी. नगरच्या दुकानदाराने कापड देताना तमिळमध्ये बरंच काही बजावलं. मी "सरी, सरी" म्हणालो. (सरी म्हणजे 'बरं'; मला तमिळचा तेवढाच शब्द येतो आणि तो मी फार आत्मविश्वासाने वापरतो.)

गाऊनचा घेर छत्रीसारखा, आतून लाल सुती अस्तर. माझी बायको मुग्धा आईच्याच उंचीची. तिच्या घोट्यापर्यंत माप घेतलं. धुताना बादलीतलं पाणी इतकं लाल झालं की मुग्धा दोन पावलं मागे सरली. बाहेर चार दिवस पाऊस होता, म्हणून गाऊन लहान खोलीत हँगरला लावला. आमच्याआधी तिथे एक म्हाताऱ्या आजी एकट्या राहायच्या, एवढंच वॉचमनने सांगितलं होतं. पुढे त्यांचं काय झालं हे आम्ही विचारलं नव्हतं.

पहिल्या दिवशी गाऊन जमिनीपासून वीतभर वर होता. दुसऱ्या दिवशी चार बोटं. मी इंजिनियर माणूस. लहान मुलाची उंची मोजतात तशी भिंतीवर पेन्सिलने खूण केली. तिसऱ्या दिवशी तो खुणेच्या खाली होता. बाह्या मापाबाहेर लांब लोंबत होत्या आणि एका बाजूची कड जमिनीला टेकली होती, आतल्या कुणीतरी एक पाऊल पुढे टाकल्यासारखी. आतलं अस्तर मात्र वर वर चाललं होतं. वारा नव्हता, पंखा बंद होता, तरी गाऊनचं तोंड आता दाराकडे होतं.

"आई उद्या येतायत," मुग्धा हळू आवाजात म्हणाली. "त्या याच खोलीत झोपणार आहेत."

मी शेजारच्या सरोजाअक्कांना बोलावलं. त्या तंजावरच्या मराठी, निवृत्त शिवणशिक्षिका. त्या आल्या आणि नेमकी वीज गेली. भर दुपारी खोली राखाडी झाली. अक्का गाऊनसमोर उभ्या राहिल्या. मग त्यांनी कडेचा एक धागा काढला, जिभेवर ओला केला आणि ओढला. तो लगेच तुटला.

"सुती म्हणून घेतलंस?" त्यांनी विचारलं. "हे रेयॉन. सुती धागा ओला झाला तरी असा तुटत नाही."

पुढचा अर्धा तास त्यांनी माझी शाळा घेतली. रेयॉन ओलं झालं की जड आणि नाजूक होतं, टांगलं तर स्वतःच्याच वजनाने खाली उतरतं. तिरप्या कापाचा घेर तर जास्तच, आणि एका बाजूने अधिक, म्हणून हँगरही वळतो. कापण्याआधी ते धुवायचं, शिवल्यावर दिवसभर टांगून मगच खालची कड दुमडायची, आणि पुढे धुतलं की सावलीत आडवं पसरून वाळवायचं. सुती अस्तर उलट आटतं आणि लाल रंग सोडतं, म्हणून तेही आधी भिजवायचं. दुकानदाराने बहुधा हेच सांगितलं असावं.

अक्का गेल्या. अंधूक उजेडात मी वाढलेला भाग कापला आणि वीज आल्याबरोबर घाईघाईने नवी कड घातली.

दुसऱ्या दिवशी आई आली. कौतुकाने गाऊन घेऊन लहान खोलीत गेली आणि बाहेर येईना. आतून धप्प आवाज आला. थोड्या वेळाने पुन्हा धप्प. मुग्धाने माझा दंड घट्ट धरला. दार सावकाश उघडलं आणि जमिनीवरून उड्या मारत, पाय नसलेली एक आकृती पुढे आली. वर चेहरा आईचाच होता.

"बाळा," आई दाराची चौकट धरून शांतपणे म्हणाली, "खाली पुढची आणि मागची बाजू एकत्र शिवलीयस. पाय कुठून काढू?"

मी खाली बसून ती शिवण उसवायला घेतली. तासभर लागला. माझ्या आयुष्यातली ती सगळ्यात पक्की शिवण होती.