ताऱ्यापासून नाकापर्यंतची रेघ

काकूंच्या हातात कुठलीही नवी वस्तू दिली की त्या ती कडेनं दोन बोटांत धरत, खिडकीकडे वळत आणि मान जराशी कलती करून तिच्यावरून उजेड फिरू देत. मग ते चांदीचं नाणं असो, कुणाची लग्नपत्रिका असो, नाहीतर मी केलेला अनारसा. सगळं बघून झालं की म्हणत, "बरं. आता दुसरं दाखव."

न्यूनेन या डच गावातल्या आम्हा मराठी मंडळींत हे वाक्य चांगलंच मुरलं होतं. कुणी कौतुकानं सांगितलं की आमचा मुलगा एकदा ऐकलेलं गाणं पियानोवर जसंच्या तसं वाजवतो, की काकू विचारत, "एकच? दुसरं वाजवू दे." लोकांना राग येई. पण पुढच्या वेळी तो मुलगा खरोखरच दुसरं गाणं बसवून येई आणि काकू डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकत.

मी नवऱ्याच्या नोकरीमागून इथं आले तेव्हा माझ्याकडे नोकरी नव्हती, सायकल येत नव्हती आणि बाहेर सदानकदा भुरभूर. काका-काकू आमच्या रांगेतल्याच घरात राहायचे. काका आइंडहोवनच्या एका कंपनीतून निवृत्त झालेले. काकू लग्नाआधी पुण्यात एका लॅबमध्ये सूक्ष्मदर्शकाखाली रक्ताच्या काचा बघायच्या. इथल्या घरांना पडदे कमीच, त्यामुळे घड्याळजीचं भिंग डोळ्याला लावून खिडकीशी बसलेल्या काकू सगळ्या रस्त्याला दिसत. पोस्टमनला वाटलं, बाई घड्याळं दुरुस्त करतात. त्यानं एकदा स्वतःचं आणून दिलं. काकूंनी सेल बदलून परत केलं आणि गैरसमज दूर करायच्या भानगडीत पडल्या नाहीत.

त्या बघत असत अमेरिकेचे जुने चांदीचे डॉलर. पहिला मिळाला कोनिंग्सडागला, म्हणजे राजाच्या वाढदिवशी. त्या दिवशी लोक रस्त्यावर चादरी अंथरून घरातलं जुनं सामान विकतात, त्यात बटणांच्या डब्यात तो पडलेला होता. एका बाजूला एका बाईचा चेहरा आणि कडेनं तारे, दुसऱ्या बाजूला गरुड. त्यानंतर काकूंनी जत्रेतल्या मुलीसारखे डॉलर गोळा केले. काका म्हणायचे, "मला तर सगळ्यांवर एकच बाई दिसते."

मलाही तेच दिसायचं. मग एके दिवशी काकूंनी भिंग माझ्या डोळ्याला लावलं आणि गरुडाच्या शेपटीची पिसं मोजायला सांगितली. सात होती. "आता खालची टोकं बघ," त्या म्हणाल्या. मी बघत राहिले. सात पिसांच्या खालून आणखी काही बारीक टोकं बाहेर डोकावत होती. काकूंनी समजावलं ते असं. टांकसाळीत पोलादी ठसा असतो, तो चांदीवर आपटला की चित्र उमटतं. पहिल्या वर्षी ठशांवर आठ पिसं होती, मग सात ठरली, आणि काही जुन्या ठशांवरच नवं चित्र चढवलं गेलं. आठाची टोकं तेवढी राहून गेली. कुणा कारागिरानं घाईत केलेलं काम इतक्या वर्षांनी ब्राबांट प्रांतातल्या एका बैठकीच्या खोलीत मला दिसत होतं. त्या दिवसापासून मी रोज त्यांच्याकडे जाऊ लागले.

त्यांनीच मला शिकवलं की पोलादही थकतं. हजारो वेळा आपटून ठशाला बारीक तडा जातो, आणि त्या तड्यात चांदी शिरून नाण्यावर केसाएवढी उठावाची रेघ उमटते. तडा वाढत जातो तशी रेघही वाढते. त्यामुळे एकाच ठशाची दोन नाणी शेजारी ठेवली की आधीचं कुठलं आणि नंतरचं कुठलं, हे सांगता येतं. ठसे केव्हाच मोडीत गेले, पण त्यांचं म्हातारपण चांदीत राहिलं. मात्र रेघ एकाच नाण्यावर असेल तर तो नुसता ओरखडाही असू शकतो. तीच रेघ त्याच जागी दुसऱ्या नाण्यावर सापडली, तर ती ठशाचीच. "दुसरं दाखव" आलं होतं ते इथून.

आणि काकूंच्या त्या पहिल्या, बटणांच्या डब्यातल्या डॉलरवर अशी एक रेघ होती. डावीकडच्या एका ताऱ्यापासून निघून बाईच्या नाकाच्या शेंड्यापर्यंत गेलेली. अशा रेघांच्या कुठल्याही यादीत ती नव्हती. नाण्यांच्या क्लबाला काकूंनी फोटो पाठवले. क्लबवाल्यांनी कळवलं की फोटोवरून ओरखडा आहे की उठाव ते कळत नाही, नाणंच घेऊन या. काकू इतक्या खूश झालेल्या मी कधी पाहिल्या नव्हत्या. शनिवारी जायचं म्हणून नाणं खिडकीतल्या वाटीत काढून ठेवलं होतं.

त्याच आठवड्यात दिवाळी होती. काकू माझ्याकडे चकल्या करायला आल्या होत्या आणि काका घरी लक्ष्मीपूजनाची तयारी करत होते. त्यांच्या आईचा दंडक होता, लक्ष्मीपुढे घरातली चांदी लखलखीत हवी. काकांनी निरांजन घासलं, वाटी घासली, आणि बायकोचं लाडकं नाणंही पूजेत असावं म्हणून तेही पांढऱ्या दंतमंजनानं मन लावून घासलं.

संध्याकाळी आम्ही आलो तेव्हा ते तबकाच्या मधोमध चमकत होतं. काकूंनी आरती म्हटली, प्रसाद वाटला, मग नाणं दिव्याखाली धरून भिंग लावलं. ताऱ्याजवळ रेघेचं इवलंसं मूळ उरलं होतं. बाकी सपाट. चहात साखर जास्त झाली तरी नवऱ्याला ऐकवणाऱ्या काकू फक्त एवढंच म्हणाल्या, "छान चकाकलंय, हो." त्या ओरडल्या नाहीत म्हणूनच काकांना कळलं की काहीतरी फार मोठं झालंय.

शनिवारी त्या क्लबात गेल्याच. तिथल्या गृहस्थांनी नाणं बघितलं आणि अदबीनं सांगितलं की यावरून काही ठरवता येत नाही, दुसरं असेल तर दाखवा. हे मला सांगताना काकू डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. मला काही हसू आलं नाही.

पुढं त्या दिसेल त्या प्रदर्शनात, दिसेल त्या ट्रेमध्ये दुसरं शोधत राहिल्या. मग आजारी पडल्या. हॉस्पिटलात नर्सनं औषधाची गोळी हातात दिली तरी ती दोन बोटांत धरून खिडकीकडे वळवत. शेवटच्या दिवसांत मला म्हणाल्या, "अगं, मी पाहिली होती ना ती रेघ? की मला नुसतंच वाटलं?" मी म्हटलं, मीपण पाहिली होती. त्या म्हणाल्या, "तुला मीच दाखवली. ते धरायचं नाही." गेल्या हिवाळ्यात काकू गेल्या.

महिन्याभरानं काकांनी दार वाजवलं. हातात काकूंचं भिंग. नाण्यांचं प्रदर्शन कुठं असतं, एवढंच त्यांनी विचारलं. त्यानंतर आम्ही दोघं जात राहिलो. काका सुरुवातीला भिंग उलटं धरायचे. मी शिकवायला लागले, तेव्हा लक्षात आलं की मी काकूंचीच वाक्यं बोलतेय, मानही तशीच कलती करतेय.

ते सापडलं लायडनजवळच्या एका क्रीडागृहात, बास्केटबॉलच्या जाळीखाली मांडलेल्या टेबलावर. सापडलं काकांना. ते मला हाक मारायला आले नाहीत, जागच्या जागी उभे राहिले. मी जवळ गेले तर त्यांच्या हातात एक काळवंडलेला डॉलर होता, कडेनं धरलेला.

"ताऱ्यापासून निघते," ते म्हणाले. "पण नाकाशी थांबत नाही, गालावर गेलीय."

मी भिंग लावलं. रेघ होती. काकूंचं नाणं पाडून झाल्यावरही तो तडकलेला ठसा चांदीवर आपटत राहिला होता, आणि तडा पुढं सरकत गेला होता. काकूंचं नाणं आम्ही दर वेळी बरोबर नेत असू; ते काढून दोन्ही नाणी शेजारी धरली. घासलेल्यावर उरलेलं मूळ आणि या रेघेची सुरुवात, ताऱ्याच्या त्याच टोकाला. काका खुर्चीवर बसले. "तिनं बरोबर पाहिलं होतं," ते म्हणाले, आणि रडले.

यंदा लक्ष्मीपूजनाच्या तबकात दोन डॉलर होते, एक लखलखीत आणि एक काळा. काकांनी पहिल्याला कुंकू लावलं. दुसऱ्याशी आल्यावर त्यांचं बोट थांबलं. त्यांनी नाणं कडेनं उचललं, त्याखाली स्वच्छ मऊ कापड घातलं, आणि बोटावरचं कुंकू तबकाच्या कडेला टेकवलं.